चंद्रपूरचा मे महिना आणि ९५ अंशांवर अडकलेला प्रोसेसर: नवा घ्यायचा की आहे तोच वाचवायचा?



फोनवर गेम खेळताना तुम्ही हे नक्की अनुभवलं असेल. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं मस्त चालतं, मग फोनची पाठ चटके द्यायला लागते, स्क्रीन आपोआप मंद होते आणि ऐन मोक्याच्या वेळी गेम अडखळतो. फोन बिघडलेला नसतो. आतली चिप स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालायला लागलेली असते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.

आज सांगणार आहे ती गोष्ट माझ्या गेमिंग पीसीची आहे, पण मुळात ती हीच आहे. फक्त पीसीच्या बाबतीत या अडखळण्यापायी माझे बावीस हजार रुपये जाता जाता राहिले.

झालं काय होतं?

मी चंद्रपूरला राहतो. २०२० च्या शेवटी पैसे जमवून पीसी जोडला होता: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम. रात्री व्हॅलोरंट, आणि एप्रिल-मे मध्ये एका फोटोग्राफर दादासाठी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. म्हणजे हा डबा नुसता खेळायचा नाही, लग्नसराईत तो माझा खर्च काढतो.

२०२४ च्या मे मध्ये दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे गेम पंधरा मिनिटांनी झटके द्यायला लागला. दुसरी जास्त वाईट. व्हिडिओ रेंडर होत असताना पीसी एकदम बंद. काही सूचना नाही, निळा स्क्रीन नाही, फट्‌ करून अंधार. दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी तर नवरीकडचे लोक संध्याकाळी पेनड्राइव्ह न्यायला येणार होते.

पीसी उचलून गावातल्या एका दुकानात नेला. त्यांनी चालू केला, तापमान पाहिलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "भाऊ, प्रोसेसर गेला तुमचा. नवा टाकून घ्या." पर्याय दिला रायझन ७ ५८००एक्सचा, आठ कोअरचा. प्रोसेसर आणि फिटिंग मिळून बावीस हजार, वर "कूलर जुनाच चालून जाईल" हे आश्वासन. माझ्याकडे तेवढेच पैसे साठले होते. दोन दिवसांनी सांगतो म्हणून पीसी घरी आणला, ते बरं झालं.

आधी खोलीचं तापमान बघा, मग प्रोसेसरचं

आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. चंद्रपूर किंवा आपल्याच जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी, देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत दर वर्षी असतंच. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपुरात पारा ४७ च्या वर गेला होता. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली असेल तर रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते.

आता प्रोसेसर थंड कसा होतो ते बघू. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा. हा पंखा थंडावा तयार करत नाही. तो फक्त चिपमधली उष्णता खोलीतल्या हवेत फेकतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही, तो नेहमी खोलीपेक्षा काही अंश वरच राहतो. खोली आणि प्रोसेसर यांच्यातला हा फरक हाच खरा आकडा. पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

समजा यूट्यूबवर कोणी दाखवलं की माझाच प्रोसेसर, त्याच्यासोबत बॉक्समध्ये मिळालेल्या कूलरवर ७६ अंशांवर चालतो. त्या भावाची खोली एसीची, २२ अंशांची. म्हणजे फरक ५४. आता हाच फरक माझ्या ४१ अंशांच्या खोलीत आणा: ४१ अधिक ५४, झाले ९५. आणि ३६०० ची कमाल मर्यादा आहे बरोब्बर ९५. म्हणजे काहीही न बिघडता, अगदी नवाकोरा पीसीसुद्धा मे महिन्यात माझ्या खोलीत मर्यादेला टेकणार. दुकानदाराने ९५ पाहिले आणि प्रोसेसर गेला म्हणाला. गेलेला नव्हता, तो चंद्रपुरात होता.

मोजायचं कसं?

घरात भिंतीवरचा साधा थर्मामीटर असेल तर तो कॅबिनेटच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला ठेवा. फोनवरच्या हवामान ॲपचा आकडा घेऊ नका, तो गावाचा असतो, तुमच्या खोलीचा नाही. पीसीवर एचडब्ल्यू-इन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात आकड्यांचा पूर येतो, घाबरू नका, तीनच बघायचे: प्रोसेसरचं तापमान, तो खात असलेले वॉट आणि कोअरचा वेग. मग सिनेबेंच सलग दहा मिनिटं चालवा. शेवटच्या मिनिटाला तिन्ही आकडे वहीत लिहा, बाजूला खोलीचं तापमान.

माझी पहिली नोंद अशी होती: खोली ४१, प्रोसेसर ९५, वीज ५५ वॉट, वेग ३.३ गिगाहर्ट्झ.

यात नीट बघा. या प्रोसेसरला जास्तीत जास्त ८८ वॉटपर्यंत जायची परवानगी आहे. माझा ५५ वरच ९५ ला पोचला होता आणि पुढे जायचं नाही म्हणून वेग पाडत होता. मूळ वेगच ३.६ गिगाहर्ट्झ, आणि हा त्याच्याही खाली. म्हणजे उन्हाळा हे अर्धंच उत्तर होतं. ५५ वॉटसुद्धा बाहेर फेकता येत नाहीत म्हणजे आत काहीतरी तुंबलेलं होतं.

कॅबिनेट उघडल्यावर

चंद्रपूरकरांना पुढचं सांगायची गरज नाही. महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, आजूबाजूला दुर्गापूर, पद्मापूर, बल्लारपूर अशा कोळशाच्या खाणी. सकाळी गच्चीवर पुसलेली फरशी संध्याकाळी पायाला काळी लागते. तीच धूळ कॅबिनेटमध्येही जाते. माझ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये राखाडी-काळ्या रंगाची अक्षरशः गादी तयार झाली होती. वरून पंखा फिरताना दिसायचा, पण हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती. शिवाय कॅबिनेट पलंग आणि भिंतीच्या मधे कोंबलेलं. पुढून अख्खी काच, जी दिसायला भारी आणि हवेला बंद.

साफ करताना या काही गोष्टी सांभाळा, कारण इथे चूक महागात पडते.

प्लग काढून पीसी गच्चीवर न्या, तोंडाला रुमाल बांधा. ब्लोअरने हवा मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

हीटसिंक काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून मग बंद करा, म्हणजे आतली थर्मल पेस्ट मऊ होते. हा मुद्दा एएम४ सॉकेटवाल्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात. जुनी पेस्ट डिंकासारखी घट्ट झालेली असते, आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकतात. स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे सैल करायचे, हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळूच फिरवायचा, आणि सुटला असं जाणवल्यावरच उचलायचा. माझे हात इथे थरथरत होते, खोटं कशाला बोलू.

जुनी पेस्ट पार वाळून पापडी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसली आणि वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध लावली. पोळीला तूप लावतात तशी पसरवत बसायची गरज नाही, हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. मग कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, पुढची काच काढून तिथे मच्छरदाणीच्या नायलॉनची जाळी लावली आणि हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा बसवला.

परत सिनेबेंच. खोली ४१. प्रोसेसर... ९४.

माझा चेहरा पडला. दोन तास घाम गाळून एक अंश? मग वहीतले बाकीचे दोन आकडे पाहिले. वीज ८० वॉट, वेग ३.९५ गिगाहर्ट्झ. तापमान जवळपास तेच, पण काम कितीतरी वाढलं होतं. जो व्हिडिओ रेंडर व्हायला २६ मिनिटं लागायची तो २२ मिनिटांत झाला. प्रोसेसर मर्यादेला टेकलेला असतो तेव्हा नुसतं तापमान बघून काहीच कळत नाही, वॉट आणि वेग बघावे लागतात. "साफ करून पण फरक नाही पडला" असं म्हणणारे बरेच जण इथेच फसतात.

फुकटात मिळणारे अंश

आता ९४ वर चालणं मला काही आवडत नव्हतं. खर्च न करता काय होतं ते बघितलं.

पहिला उपाय इको मोड. रायझन मास्टर या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एक बटण आहे, किंवा बायोसमध्ये पीपीटी नावाची मर्यादा हाताने टाकता येते. ६५ वॉट गटातल्या माझ्या प्रोसेसरला त्याने ४५ वॉट गटात आणलं, म्हणजे वरची मर्यादा ८८ वरून ६० वॉट. परिणाम: खोली ४१, प्रोसेसर ८२. रेंडर २२ ऐवजी साडेतेवीस मिनिटं. बारा अंश कमी आणि दीड मिनिट जास्त, मला हा सौदा पटला. शेवटचा थोडासा वेग काढण्यासाठी प्रोसेसर खूप जास्त वीज खातो, म्हणून तो वेग सोडला की उष्णता पटकन उतरते.

दुसरा गेमवाल्यांसाठी: एफपीएसला लगाम. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा. व्हॅलोरंट १८० च्या वर एफपीएस काढत होतं. मॉनिटर दाखवू शकत नाही असे शंभर फ्रेम दर सेकंदाला तयार करायला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड राबत होते. (बटण दाबल्यावरची प्रतिक्रिया जरा लवकर मिळते, म्हणून स्पर्धा खेळणारे जास्त ठेवतात, ते मान्य.) गेमच्या सेटिंगमध्ये ९० ची मर्यादा घातली आणि गेममध्ये प्रोसेसर ७० च्या आत आला. फोनवरही हेच लागू आहे बरं का. फ्रेम रेट एक पायरी खाली घ्या, चार्जिंग लावून खेळू नका, पाठीमागचं जाड कव्हर काढा. आणि गरम फोन फ्रीजमध्ये ठेवायचा प्रयोग करू नका, बाहेर काढल्यावर आतबाहेर दव जमतं.

तिसरा उपाय आपल्या घरोघरी असतोच: कूलर. म्हणजे पाण्याचा, ताट्यांचा, खिडकीत बसवलेला. आमच्याकडे तो फक्त रात्री झोपताना लागायचा. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि हवा खरंच थंड होते. मोजलं तर खोली ४१ वरून ३१ वर आली, आणि प्रोसेसर? ८२ वरून ७२. खोली दहा अंश उतरली, प्रोसेसरही दहाच. वर सांगितलेला फरकाचा नियम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर हा प्रयोग करा.

पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यातून बारीक तुषार येतात, आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की ताट्या महिन्याभरात पांढऱ्या पडतात. तो ओलावा आणि कोळशाची धूळ एकत्र आली की आत चिखल तयार होतो, जो ब्लोअरने निघत नाही. पीसी झोताच्या बाजूला ठेवा आणि समोरची एक खिडकी उघडी असू द्या, नाहीतर दमट हवा कोंडते. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा हा उपाय कामाचा नाही. तेव्हा त्याची गरजही तेवढी नसते.

आणि तरीही पीसी बंद पडला

तिसऱ्या दिवशी रेंडर सुरू होता, प्रोसेसर ७४ वर, आणि फट्‌. परत अंधार.

आता मात्र उष्णतेला दोष देता येत नव्हता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद होती कर्नल-पॉवर ४१. (खोलीही ४१, नोंदही ४१, मी कपाळाला हात लावला.) या नोंदीचा अर्थ इतकाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला, कारण ती सांगत नाही. पण एक विचार करा. प्रोसेसर तापला तर आधी वेग कमी करतो, बराच वेळ झगडतो. चालता चालता दिवा विझावा तसा पीसी विझला तर पुरवठ्याकडे बघायला हवं: वीज, स्टॅबिलायझर, केबल, आतला पॉवर सप्लाय.

टेबलाखाली वाकून एक्स्टेंशन बोर्ड उचलला. ज्या सॉकेटमध्ये पीसीचा प्लग होता ते काळं पडून वितळलं होतं. आतली पट्टी सैल झालेली, लोड वाढला की ठिणगी उडायची आणि संपर्क तुटायचा. मी प्रोसेसरच्या ७४ अंशांची काळजी करत होतो आणि गादीपासून हातभर अंतरावर प्लास्टिक जळत होतं. आई त्या दिवशी जे बोलली ते इथे लिहीत नाही.

नवा बोर्ड जाड वायरचा, चांगल्या कंपनीचा घेतला, आणि पीसीसाठी भिंतीवरचं वेगळं सॉकेट. त्यानंतर आजपर्यंत पीसी एकदाही असा बंद पडलेला नाही. बावीस हजारांचा प्रोसेसर घातला असता तरी तो त्याच जळक्या बोर्डावर चालला असता, उलट जास्त वीज खेचून.

आलापल्लीचा लॅपटॉप

माझा मावसभाऊ गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीला असतो. माझे प्रयोग ऐकून त्याचा व्हिडिओ कॉल आला, "दादा, माह्या लॅपटॉप लयच तापून राहिला, काऊन बंद पडते काही समजत नाही." जंगलातल्या गावात कोळशाची धूळ नाही, पण तिथल्या तऱ्हा वेगळ्या. मी म्हटलं मागची जाळी दाखव. कॅमेरा जवळ नेला तर हवा बाहेर पडायच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं! चिमट्याने काढलं. मग लॅपटॉपची मागची बाजू दोन बाटल्यांच्या झाकणांवर उचलून ठेवायला सांगितली, कारण तो तो गादीवर ठेवून खेळायचा आणि हवा आत घ्यायची भोकं खालीच असतात.

लॅपटॉपमध्ये कूलर बदलता येत नाही, पण विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" १०० चं ९९ केलं की प्रोसेसरचा टर्बो बंद होतो. एका टक्क्याचा बदल वाटतो, पण तापमान चांगलंच उतरतं. वेगही कमी होतो, त्यामुळे गेम कसा चालतो ते बघून ठरवा. त्याच्याकडे उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते, सर्व्हिस सेंटरसाठी नागपूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, त्यामुळे त्याला हे फुकटचं बटण फारच आवडलं. एक गोष्ट त्याला बजावून सांगितली, तुम्हालाही सांगतो: टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा लॅपटॉपचं पोट फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद करायचं, तिला टोचायचं-दाबायचं नाही, आणि ती बदलल्याशिवाय लॅपटॉप वापरायचा नाही.

मग अपग्रेड केलं की नाही?

केलं, पण दिवाळीत, डोकं थंड असताना.

आधी दुकानदाराने सुचवलेला ५८००एक्स का नको ते बघू. तो १०५ वॉट गटातला आहे आणि १४२ वॉटपर्यंत जाऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा ९५ नाही, ९० आहे. म्हणजे ४१ अंशांच्या खोलीत हातात उरतात फक्त ४९ अंश, आणि फेकायची उष्णता दीडपट. वर कूलर जुनाच, जो ८० वॉटलाच टेकीला येत होता. एएमडी या प्रोसेसरच्या बॉक्समध्ये कूलर देतच नाही, मोठा कूलर घ्यावा लागतो म्हणूनच. वाईट प्रोसेसर अजिबात नाही तो. एसीच्या खोलीत, चांगल्या कूलरवर मस्त चालतो. माझ्या खोलीत मात्र महागडा प्रोसेसर घेऊन तो मे महिनाभर अर्ध्या जोरावर चालवला असता.

इंटेलचे वरच्या गटातले, उदाहरणार्थ १४९००के, तर २५३ वॉटपर्यंत जातात. पीसीने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते हे विसरू नका. गेम खेळताना माझाच जुना पीसी अडीचशे वॉटच्या आसपास घ्यायचा, म्हणजे मे महिन्यात खोलीत छोटा हीटर लावून बसल्यासारखं. लिक्विड कूलिंग घेऊ का, असं खूप जण विचारतात. पाणी असलं तरी तेही शेवटी खोलीच्या हवेतच उष्णता सोडतं, ४१ च्या खाली तेही जात नाही. मधल्या बजेटमध्ये चांगला टॉवर कूलर पुरतो, आणि त्यात पंख्याशिवाय बिघडण्यासारखं काही नसतं.

रायझन ७००० वगैरे नवे प्रोसेसर? त्यांना नवा एएम५ मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते, म्हणजे खर्च कुठल्या कुठे. त्यातले बरेच प्रोसेसर पूर्ण लोडवर मुद्दाम ९५ पर्यंत जातील असेच बनवलेत. तुमच्याकडे आधीच असेल तर ९५ बघून घाबरू नका, वॉटची मर्यादा लावा.

मी घेतला रायझन ५ ५६००. त्याच बी४५० बोर्डावर बसतो, तोही ६५ वॉट गटातलाच, वरची मर्यादा ७६ वॉट, म्हणजे माझ्या जुन्यापेक्षा कमी. आणि झेन ३ सादर करताना एएमडीने आधीच्या पिढीपेक्षा त्याच वेगात सरासरी १९ टक्के जास्त काम होतं असं सांगितलं होतं. कमी वॉटमध्ये जास्त काम, आपल्या हवेत मला हेच हवं होतं. आठ कोअर हवेच असतील तर ५७००एक्ससुद्धा याच ७६ वॉटच्या मर्यादेत आहे. सोबत टॉवर कूलर घेतला. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा, बरेचसे टॉवर कूलर १५५ मिलिमीटर उंच असतात आणि छोट्या कॅबिनेटची बाजूची काच लागत नाही.

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवायचा तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करावं लागतं. ते करताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून आधी छोटा यूपीएस घेतला, मग अपडेट केलं. प्रोसेसर, टॉवर कूलर, यूपीएस आणि तो पुढचा पंखा, सगळं मिळून साडेसतरा हजारांच्या आसपास गेले. जुना ३६०० आणि त्याचा कूलर एका मित्राला विकला. जो "गेलेला" होता, तो त्याच्याकडे आजही चालतोय.

२०२५ च्या मे मधली वहीतली नोंद, घरचा कूलर बंद ठेवून, दुपारी तीन वाजता: खोली ४१, प्रोसेसर ८५, वीज ७६ वॉट. इको मोड लावल्यावर ७६ अंश. संध्याकाळी घरचा कूलर चालू, खोली ३१, इको मोडवर ६६. तोच लग्नाचा व्हिडिओ, जो आधी २६ मिनिटं घ्यायचा, तो आता १८ मिनिटांत होतो. दर रविवारी मच्छरदाणीची जाळी काढून नळाखाली धुतो, पाणी अजूनही काळंच निघतं.

तुमच्या खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचे तिन्ही आकडे लिहून काढा, आणि त्याच वेळी टेबलाखाली वाकून एक्स्टेंशन बोर्डही एकदा बघून घ्या.